जार पडेपर्यंत

गुणाबाईंनी शेळीच्या कासेखालून जुन्या लुगड्याचं फडकं घेतलं, दोन्ही टोकं पाठीवर नेली आणि एक टोक दातांत धरून गाठ आवळली. झालं एवढंच. लातुरातल्या भाड्याच्या खोलीमागच्या अंगणात, पौषातल्या सकाळी, एका म्हाताऱ्या बाईने नुकत्या व्यालेल्या शेळीला कापड बांधलं. यात भिण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारलं असतं आणि सिंधूला सांगता आलं नसतं. ती सासूसाठी चहाची कपबशी घेऊन मागच्या दारात उभी होती. दातांनी ओढलेली ती गाठ तिने पाहिली, चहा हिंदकळून तिच्या बोटांवर सांडला, आणि बोटं भाजली हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. तिच्या पोटात जीव होता, दिवस भरत आलेला. ही गाठ ती ओळखत होती. डोळ्यांनी नव्हे, पाठीने. मणक्याच्या जरा डाव्या अंगाला, उताणं पडलं की टोचायची तिथे, हीच गाठ एकदा तिच्या पाठीवर बसली होती.

“आत्याबाई, पाजायचं न्हाई का त्यान्ला?” तिने विचारलं. आवाज आपलाच आहे की नाही याची तिला शंका आली.

“जार पडू दे की आधी,” गुणाबाई चहा बशीत ओतत म्हणाल्या. शेळीच्या मागे वारेचा लालसर, ओला जार लोंबत होता. त्याच्याकडे त्यांनी मानेनेच खूण केली. “जार पडल्याबिगर करडू थानाला लावलं का जार आत चढतो. मंग शेळी आतून सडती आन् मरती. माझ्या सासूनं सांगितलेलं हाय, तिला तिच्या सासूनं.”

“आन् तवर ही?”

“तवर गुळाचं पानी. मरत न्हाईत. करडू लई चिवट जितराब हाय.”

करडं दोन होती. आधी आलेला बोकड जाडजूड, काळा कुळकुळीत, जन्मल्या जन्मल्या उठायच्या खटपटीला लागलेला. मागून आलेली मादी, पाट, मात्र मुठीएवढ्या डोक्याची, आईसारखेच पांढऱ्या ठिपक्यांचे कान घेऊन आलेली, आणि त्या कानांच्याच ओझ्याने खाली बसलेली. पहाटे शेळी पाठ वाकवून कण्हू लागली तेव्हा गुणाबाईंनी सिंधूला उठवलं नव्हतं. पोटुशीने दुसऱ्या पोटुशीची वेळ बघू नये, म्हणे. पण सिंधूने खिडकीच्या फटीतून सगळं पाहिलं होतं. गुणाबाईंचे हात काय चालत होते! करडाच्या तोंडातला बुळबुळीत चिकटा त्यांनी बोटाने काढला, नाकपुडीत फुंकर घातली, पोत्याने खसाखसा पुसलं, बेंबीला दोरा बांधून हळद दाबली, खुरांची पिवळी मऊ टोकं नखाने खुडून टाकली. मग करडाच्या तोंडात करंगळी घालून पाहिली. “तोंड ऊन हाय तवर जीव हाय,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्या हातांचं सिंधूला फार कौतुक होतं. म्हणूनच तर त्या हातांची भीती वाटत होती. नुसता धसमुसळा हात असता तर माणूस सावध तरी राहिला असता.

शेळी आली कशी हाही एक तमाशाच होता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेशी वाटणी झाली तेव्हा कचेरीतली कपाटं वाटली, खुर्च्या वाटल्या, माणसं वाटली, आणि त्या वाटणीत सिंधूचा नवरा भुजंग लातूरच्या वाट्याला आला. कचेरीच्या पाट्यांचा रंग वाळतो न वाळतो तोच पावसाने दगा दिला आणि भुजंगच्या टेबलावर टँकरचं काम आलं. दिवसभर तो कुठल्या गावाला किती खेपा ते पाहायचा आणि संध्याकाळी घरी येऊन रिकाम्या रांजणात वाकून बघायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं तो स्वतःच हसून म्हणे. अशात एक दिवस किल्लारीकडून आलेल्या जीपमधून गुणाबाई उतरल्या. काखेत बोचकं, हातात दावं, आणि दाव्याच्या टोकाला गाभण कबरी. गावातली विहीर आटली, कडबा संपला, बाकीची शेरडं बाजाराला गेली. हिला मात्र विकवेना. “सुनंचं बाळंतपन करायचं हाय, आन् हिचं बी. दोन्ही एका जागी हुतील,” त्या म्हणाल्या. घरमालकीण पार्वतम्मा आधी नाक मुरडून पाहत राहिली. तिच्या नवऱ्याचं गोलाईच्या बाजारात किराण्याचं दुकान, घरात शिवपूजा, आणि अंगणात लेंड्या! पण गुणाबाईंनी पहिल्याच संध्याकाळी तिला ओट्यावर बसवून भुजंगच्या जन्माची गोष्ट सांगितली आणि पार्वतम्मा विरघळली. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन शेळीसाठी तुरीची चुणी पाठवली. पुढे गुणाबाईंनी शहरातच रान शोधून काढलं. मोंढ्यातल्या भाजीचा पाला, लग्नाच्या मांडवावरचे उतरलेले आंब्याचे टहाळे, कुणाच्या कुंपणावरची शेवरी. कबरीची कूस भरत गेली आणि तिच्या बरोबरीने सिंधूचीही. दोघींना सकाळी एकत्र उन्हात बसवून गुणाबाई मायेने बघत, तेव्हा सिंधूला आधी हसू यायचं. आज सकाळपासून येत नव्हतं.

भुजंगच्या जन्माची गोष्ट गुणाबाई कुणालाही, कधीही सांगत. रझाकारांची धामधूम, गाव रात्रीतून मोकळं झालेलं, नवरा कुठे याचा पत्ता नाही, आणि गुणाबाई उभ्या ज्वारीत एकट्या, कळा देत पडलेल्या. सासू नाही, सुईण नाही. बाजूच्या बांधावरून रझाकारांची माणसं जात-येत होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. “त्यानं टाहो फोडला असता तर त्यो बी गेला असता आन् मी बी. पर माहूरच्या आईनं त्याची वाचा धरली. हूं न्हाई का चूं न्हाई! दोन दीस, दोन राती. त्याच्या आधीची गेली, मागची गेली, पर ह्यो आईनं राखला.” इथे त्या हात जोडत आणि ऐकणारीही हात जोडे. सिंधूने ही गोष्ट लग्नाच्या आधीपासून ऐकलेली. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत माणूस काही शोधत नाही, तसं तिनेही कधी काही शोधलं नव्हतं.

चहा पिऊन गुणाबाईंनी वाटीत गूळ विरघळवला आणि कापसाच्या बोळ्याने दोन्ही करडांच्या तोंडात पिळला. बोकडाने मचमच केली. पाटीच्या ओठांवरून पाणी तसंच ओघळलं. सिंधूला तो बोळा बघवेना, पण नजरही हलवता येईना. कापूस तोच, गूळ तोच. त्या वेळी वाटी काशाची होती एवढाच फरक. तेव्हा सिंधू गावातल्या घरात, खिडकी नसलेल्या खोलीत बाजेवर होती. तिला आई नव्हती, म्हणून पहिलंही बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. टपोरं कपाळ, ओठांचा चंबू, तो चंबू सारखा हवेत काहीतरी शोधायचा. सिंधूने तिला छातीशी घ्यायला हात पसरले तर गुणाबाई म्हणाल्या, “येडी का खुळी! पहिलं दूध जड असतंय, पोटात दगूड करतंय. तिसऱ्या दिशी पाजायचं.” तो पिवळा, दाट चीक त्यांनी पिळून वाटीत घेतला आणि भिंतीच्या मुळाशी ओतला. छाती ठणकायला लागली, दगडासारखी झाली, तेव्हा कापड बांधलं आणि गाठ दातांनी आवळली. मुलगी पहिल्या दिवशी खूप रडली. दुसऱ्या दिवशी रडणं बारीक झालं, मांजराच्या पिलासारखं, आणि मग थांबलं. बायका कौतुकाने म्हणाल्या, निजली गं बाई, शहाणी आहे. तिसऱ्या दिवशी कापड सोडून तिला छातीला लावलं तर तिला ओढताच येईना. ओठ लागायचे आणि सुटायचे. सिंधूच्या छातीतून दूध आपोआप तिच्या गालावर गळत होतं, आणि मुलगी मरत होती. दोन्ही एकाच वेळी, एकाच मांडीवर. कुणी म्हणालं सटवीने लिहिलंच तेवढं होतं. कुणी म्हणालं दृष्ट लागली. सिंधूने काहीच म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं कूस पुन्हा उजवली नाही, तेव्हाही तिने काही म्हटलं नाही. आता सरकारी दवाखान्यात नाव घातलं होतं, भुजंगने साहेबांची ओळखही काढून ठेवली होती. पण दवाखाना बाळ काढून हातात देतो. पुढे त्याच्या तोंडात काय घालायचं ते खाटेशी बसलेली म्हातारी ठरवते, आणि ती म्हातारी हीच असणार होती.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं तरी जार पडला नाही. गुणाबाईंनी शेळीला बाळंतशोपा घालून ज्वारीच्या कण्यांचा घाटा चारला, पाठीवरून हात फिरवला, कानाशी लागून गोंजारलं. शेळी मान वळवून करडं झाकलेल्या डाल्याकडे बघायची आणि बारीक हुंकारायची. डाल्याखालून बोकड उत्तर द्यायचा. शेवटी गुणाबाईंनी पायात वहाणा सरकवल्या.

“वेळूचा पाला घालावा लागतोय. त्यानं जार सुटतो. त्या नव्या रोपवाटिकंत बांबू हायती, म्यां बघून ठिवलंय. मागून आनते. माळी दिईना झाला तर पाया पडते.”

“आत्याबाई, लई लांब हाय ते. मला एकटीला—”

“एकटी कशानं? पार्वतम्मा हाय की समोर.” दारातून त्या पुन्हा वळल्या, बोट उगारून म्हणाल्या, “कितीबी वरडू दे, करडान्ला सोडू नगंस. माझी कबरी गेली तर माझं गावच गेलं बघ. तेवढं ध्येनात ठिव.”

त्या गेल्या आणि अंगण एकदम मोठं झालं. सिंधू उंबऱ्यावर बसली. कबरी डाल्याकडे तोंड करून उभी होती, दाव्याला ताण देत. फडक्याखाली तिची कास टरटरून आली होती. त्या फडक्यावर एका जागी पिवळसर डाग पडला होता आणि तो हळूहळू पसरत होता. सिंधू मनाशी घोकत राहिली, हे जनावर आहे, जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं. म्हाताऱ्या माणसांनी उन्हात केस पांढरे केलेले नसतात. पण आतून दुसरंच कुणी तरी बोलत होतं, आणि ते फार हलक्या आवाजात बोलत असल्यामुळे त्याला गप्प करता येत नव्हतं. आज हिचं, उद्या तुझं. कापड तेच असेल. तिने आपला हात पाठीमागे नेऊन मणक्याजवळ चाचपलं. तिथे पोलक्याच्या शिवणीखेरीज काही नव्हतं. डाल्याखाली ओरडणं चालू होतं तोवर तिला निदान हे कळत होतं की कुठे बघायचं नाही. दोन आवाज होते, एक जाड आणि एक बारीक. तिने निवडायला तांदूळ घेतले आणि खडे ठेवून तांदूळ फेकत राहिली. मग कधीतरी तिच्या ध्यानात आलं की आता एकच आवाज येतोय.

समोरच्या ओट्यावर पार्वतम्मा कपडे वाळत घालत होती. तिनेही कान दिला असावा, कारण ती हसून म्हणाली, “निजलं काय की गं, सिंधूबाई, लहानं? बरं झालं. सकाळधरून डोकं उठवलं होतं.”

निजलं. सिंधूच्या हातातलं सूप पडलं. तिला ओरडायचं होतं, निजलं नाही हो, निजलेलं असं नसतं. पण पार्वतम्मा बिचारी काही वाईट बोलली नव्हती. त्या वेळच्या बायकाही काही वाईट बोलल्या नव्हत्या. पार्वतम्मा रिकामी बादली घेऊन आत गेली आणि तिच्या दाराची कडी वाजली. सिंधूला उठायचं होतं आणि उठवत नव्हतं. डालं उचललं तर काय दिसेल हे तिला माहीत होतं, आणि उचललं नाही तर ते दिसणार नाही, म्हणजे झालंही नसेल, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात चाललं होतं. त्या वेळीही ती अशीच पडून राहिली होती. गप्प झालेल्या मुलीकडे मान वळवायला भीत, आढ्याकडे बघत. आढ्यातल्या एका काळ्या वाशाला कोळ्याचं जाळं होतं, ते तिला आजही काढून दाखवता आलं असतं. मुलीचा चेहरा मात्र पुसट झाला होता. तेव्हा पोटातल्या जिवाने लाथ मारली. जोरात, बरगडीखाली. कुणी तरी ढकलावं तशी ती उठली.

डाल्याखाली पाट आडवी पडली होती. मान एका अंगाला टाकून, डोळे अर्धे उघडे, आणि त्या डोळ्यांत अंगण दिसत होतं. बोकड तिच्या अंगावर पाय देऊन उभा होता. सिंधूने पाटीला उचललं. वजन असं काही नव्हतंच. तिने करंगळी तिच्या तोंडात घातली. तोंड गार होतं. जीभ गार, टाळू गार, आणि तो गारवा बोटातून दंडात, दंडातून छातीत चढत गेला. तरी कुठेतरी आत बारीक धुगधुगी होती. सिंधूने पदर सोडून तिला गुंडाळलं, चुलीपाशी नेलं, वैलावर शेकलेलं पोतं तिच्याभोवती लपेटलं आणि खसाखसा चोळू लागली, जशी पहाटे गुणाबाई चोळत होत्या. चोळता चोळता तिला आपलं बोलणं ऐकू येत होतं. रड गं, रड की, नुसतं हूं म्हण, चूं म्हण.

आणि तिचा हात थांबला. हूं न्हाई का चूं न्हाई. दोन दीस, दोन राती. इतक्या वर्षांत हजारदा ऐकलेली गोष्ट तिच्यापुढे एकदम येऊन उभी राहिली, आणि या वेळी ती देवीची गोष्ट नव्हती. ज्वारीत पडलेली एक तरणी बाई होती, आणि तिच्याजवळ एक नवं पोर. त्या पोराने रडायचं नाही. रडलं तर दोघं मेली. भुकेलं पोर कशाने गप्प बसतं? तिथे गूळ नव्हता. मध नव्हता. काशाची वाटी नव्हती. जवळ सासू नव्हती, कापड आवळायला कुणी नव्हतं. तिथे एकच गोष्ट होती पोराच्या तोंडात घालायला. त्याच्या आधीची गेली, मागची गेली. ती घरात झाली होती, माणसांत, सगळं रीतसर. चुलीपुढे बसलेल्या सिंधूने पाटीला छातीशी आवळलं. आनंद नव्हता तो. आपल्याला कळू नये ते कळलं, आता हे परत न कळल्यासारखं करता येणार नाही, याची ती भीती होती.

ती पाटीला घेऊन अंगणात आली. कबरीजवळ बसायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. गाठ निघेना. नखं मोडली, बोटं घसरली. कबरी गेली तर माझं गावच गेलं. हे खरं असलं तर? जार खरंच आत चढला तर? म्हाताऱ्या बाईचं एवढं एकच राहिलेलं, आणि ते आपण मारायचं? गुणाबाई मग तिचं तोंड बघणार नाहीत, आणि बाळंतपणाला तिला दुसरं माणूसच नाही. हे सगळं एकीकडे मनात चालू होतं आणि दुसरीकडे ती खाली वाकली, पोट आडवं येत होतं तरी वाकली, आणि दातांनी बांधलेली गाठ तिने दातांनीच सोडवली. लुगड्याला लेंड्यांचा, घामाचा, चिकाचा वास होता. फडकं सुटलं तशी कबरी थरथरली आणि थानातून पिवळी धार आपोआप जमिनीवर गळाली.

पाटीला ओढता येईना. थान तोंडात दिलं की ओठ लागायचे आणि सुटायचे. सिंधूला वाटलं आता आपण इथेच मरणार. हे एकदा पाहिलेलं पुन्हा नाही बघवणार. मग तिने चीक तळहातावर पिळला, दाट, कोमट, बोटाला चिकटणारा, आणि बोट बुडवून पाटीच्या जिभेवर ठेवलं. थेंब. पुन्हा थेंब. घाई केली तर ठसका लागून जाईल म्हणून थांबत, पुन्हा. बोकड मधेच येऊन तिच्या कोपराला ढुशा देत होता. त्याला तिने शेळीकडे ढकललं आणि तो शेपूट हलवत आपल्या कामाला लागला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकदा बोटाखाली जीभ हलल्यासारखी वाटली. मग टाळू वर दाबला गेला. मग त्या एवढ्याशा तोंडाने तिचं बोट धरलं आणि ओढलं. सिंधूच्या अंगातून वीज गेली. छातीत काहीतरी सुटलं, पोलक्यावर ओल आली, आणि तिने पाहिलं तर तो डागही पिवळाच होता. फडक्यावर पडला होता तसाच. ती रडायला लागली, मोठ्याने, दार उघडं आहे याची पर्वा न करता.

गुणाबाई आल्या तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांच्या ओटीत बांबूचा हिरवा पाला गच्च भरलेला, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, चेहऱ्यावर माळ्याला वळवल्याचा विजय. तो विजय दारातच विझला. खुंटीला टांगलेलं फडकं त्यांनी पाहिलं, बोकडाचं पिवळं तोंड पाहिलं, आणि त्या धावत शेळीच्या मागे गेल्या. जार सकाळी होता तसाच लोंबत होता.

“काय केलंस गं हे, सटवे!” त्या ओरडल्या. “मारलीस माझी कबरी! आता कशाचा पडतोय ह्यो! सांगून गेलते की गं तुला, पाया पडून सांगून गेलते!”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सिंधूला आयुष्यभराच्या सवयीने तोंडात आलं, चुकलं आत्याबाई. ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पाट तिच्या मांडीवर होती, तिचं बोट तोंडात धरून.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “एक सांगा. ज्वारीत व्हता तवा, ह्यान्ला तुम्ही काय पाजलं?”

“आता हे काय मधीच! काय पाजनार? तितं गूळ व्हता का मध व्हता? उगी रडू नये म्हनून छातीला—”

गुणाबाई थांबल्या. त्यांचा हात ओटीवरून सुटला आणि पाला पायाशी पडला. कबरीने मान लांब करून त्यातली एक डहाळी ओढली आणि ती चावू लागली. गुणाबाई आधी शेळीकडे बघत होत्या, मग सिंधूच्या मांडीकडे, मग कुणाकडेच नाही. हळूहळू त्या खाली बसल्या, एखादी जड घागर सावकाश टेकवावी तशा. त्यांनी तीन नावं घेतली. दोन मुलींची, एक मुलाचं. ती नावं सिंधूने या घरात कधीही ऐकली नव्हती.

“आन् तुझी—” गुणाबाई म्हणाल्या. चौथीला नावच नव्हतं. बारशापर्यंत ती राहिलीच नव्हती.

सिंधूला वाटलं होतं, असं काही झालं तर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर तिने माया पाहिली होती, राग पाहिला होता, पण भीती कधी पाहिली नव्हती. ती आता पाहवत नव्हती. तिने पाटीला उचलून सासूच्या पुढ्यात ठेवलं. गुणाबाईंनी सवयीने करंगळी करडाच्या तोंडात घातली आणि तशीच ठेवली.

“ऊन हाय,” त्या म्हणाल्या.

मग गुडघ्यांवर सरकत त्या कबरीपाशी गेल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांनी पाटीचं तोंड थानाला लावलं. करडू चुकलं, पुन्हा लागलं, आणि या वेळी सुटलं नाही. कबरीने पाठ वाकवली, एक कळ दिली. दोघींनी एकदम मागे पाहिलं. जार थोडा खाली आल्यासारखा वाटला. पण पडला नव्हता, आणि पडेल की नाही हे दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. गुणाबाई उठल्या, त्यांनी खुंटीवरचं फडकं काढलं आणि त्या त्याची घडी घालायला लागल्या. घडी दोनदा हातांतून सुटली. पहाटे करडाची खुरं खुडताना जे जरासुद्धा हलले नव्हते, तेच हात.

“सिंधे, हे तुज्यापाशी ठिव,” त्या म्हणाल्या. “कडीकुलपात ठिव. तुझ्या वक्ताला मी इसरीन. हात आपसूक मागंल बघ. मी मागितलं, रडले, शिव्या दिल्या, तरी दिऊ नगंस.”

सिंधूने फडकं घेतलं. ते अजून ओलं होतं.

“न्हाई देनार, आत्याबाई,” ती म्हणाली.

आणि दोघी भिंतीला टेकून, शेळीकडे बघत, जार पडायची वाट पाहत बसल्या.